वापरणारा कोणीच नाही

बँकेतून पैसे कापल्याचे मेसेज इतके येऊ लागले, की सणासुदीला नातेवाइकांचेही तितके येत नाहीत. म्हणून एका रविवारी घरातली सगळी सबस्क्रिप्शनं एक्सेलमध्ये मांडायला बसलो. नाव, खर्च, तारीख, वापरणारा. रकाने रंगवण्यातच सकाळ गेली.

"अहो, एवढे रंग तर मी दिवाळीच्या रांगोळीतही भरत नाही," बायको म्हणाली.

खूनबिन दाखवणाऱ्या मालिकांचं एक अ‍ॅप होतं, त्याला वापरणारा सापडेना. बायको म्हणाली, मी नाही. मुलगी म्हणाली, मी नाही. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. पंचवटीतलं महिला भजनी मंडळ ती चालवते आणि टीव्हीवर फक्त कीर्तन बघते. तरी विचारलं.

"खून? शिव शिव!" म्हणत ती देवघरात गेली.

अ‍ॅपची मुदत दुपारी संपत होती. मी ते बंद केलं, ती ओळ लाल केली आणि स्वतःवर खूश होऊन आडवा झालो.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीतलं मंडळाचं भजन थांबलं आणि आई माझ्या दारात उभी.

"अरे, ते लागत का नाहीये?"

"काय?"

"तेच रे." मग एकदम खालच्या आवाजात, "आज खुनी कळणार आहे. बाया बसल्यात."

बाहेर डोकावलो. सगळं मंडळ मांडीवर टाळ ठेवून काळ्या पडद्याकडे बघत होतं.

"डॉक्टरच आहे, लिहून घ्या."

"गप गं, माळी आहे तो."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या मावशी उठल्या. "चला, माझ्या सुनेकडे लागतं. दर रविवारचं भजनही तिकडेच ठेवू या."

आईचा चेहरा असा पडला, की मी धावत जाऊन मोबाइल उचलला. महिन्याची योजना गायब होती, आता फक्त वर्षाची मिळत होती. पैसे भरले. पडदा उजळला, मावशी खाली बसल्या.

खून डॉक्टरच्या बायकोनं केला होता. मंडळ हळहळत पांगलं. आई माझ्यासाठी चहा घेऊन आली.

"त्या तुझ्या तक्त्यात माझं नाव घालू नकोस हं."

"मग कोणाचं घालू?"

"तुझं घाल. तुझ्याबद्दल लोकांना तसंही काही वाटत नाही."

घातलं.