हसनची सवय

मी अजून टी. वाय. बी. ए.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे चार लोकांसमोर लिहिताना संकोच वाटतो. चुकले तर माफ करावे. गेली दोन वर्षे मी रत्नागिरीत गल्फला जाणाऱ्यांना इंग्रजी शिकवतो. हल्ली पहिल्या दिवशी 'समजले नाही, परत सांगा' एवढेच इंग्रजीत म्हणायला शिकवतो. परवा अन्वरभाई वैतागले. "मास्तर, हे शिकवायला तुम्हाला ठेवलंय काय?" मला तोंडाने उत्तर देता आले नाही. म्हणून लिहितो.

अन्वरभाई एजंट आहेत. गल्फमधल्या कंपनीचा साहेब मुंबईत येऊन इंटरव्यू घेतो. पास झालेल्याला व्हिसा मिळतो. इंटरव्यू जेमतेम पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांसाठी स्टँडजवळ अन्वरभाईंच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा वर्ग भरतो, दुपारी चार ते सहा. कॉलेज सुटले की मी तिकडे जातो. शिकणारे बहुतेक माझ्याहून मोठे, पण मला मास्तर म्हणतात. सुरुवातीला त्याची लाज वाटायची. नंतर आवडू लागले.

हसन पावसच्या बाजूचा. वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. त्यांच्याच होडीवर हसन दहा वर्षे खलाशी होता. होडी खडकावर फुटली आणि घर बसले. घरात म्हातारा-म्हातारी, बायको, दोन मुली. हसन एकदा इंटरव्यूत नापास झाला होता. अन्वरभाईंनी त्याला माझ्यासमोरच सांगितले, "आता एकच चान्स. मग पासपोर्ट घे आणि घरी जा."

त्याचे इंग्रजी फार वाईट नव्हते. अडचण वेगळीच होती. मी प्रश्न विचारला की तो आधी माझा प्रश्नच हळूहळू म्हणून दाखवायचा. 'तू उंचावर काम करशील का?' असे इंग्रजीत विचारले, की तो अडखळत तेच म्हणायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि मग उत्तर द्यायचा. मुंबईच्या साहेबाने याच कारणाने त्याला मंद ठरवले होते.

"पोपट आणलाय काय रे?" अन्वरभाई जिन्यातून ओरडायचे. "साहेबाचं बोलणं साहेबालाच ऐकवतो!"

सगळे हसायचे. हसनही हसायचा.

एकदा मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "असं का करतोस?"

"होडीवरची सवय, मास्तर. तांडेल बोलला 'दोर सैल कर', तर आपण बोलायचा 'दोर सैल करतो'. मगच हात लावायचा. वाऱ्यात अर्धा ऐकू येतो, अर्धा नाय. परत बोलला नाय तर बाबा शिव्या घालायचा."

"इथे वारा नाही," मी म्हणालो. "इथे फक्त 'येस सर' म्हणायचं."

"आणि समजला नाय तर?"

"तरी 'येस सर'. तिकडे गेल्यावर समजेल आपोआप."

हे वाक्य माझे आहे. अन्वरभाईंनी मला ते शिकवले नव्हते.

मग मी ड्रिल सुरू केले. ड्रिल म्हणजे विचार न करता तोंडातून यावे म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणून घेणे. मी काहीही विचारायचो, त्याने लगेच 'येस सर' म्हणायचे. प्रश्न परत म्हणू लागला की मी डस्टर टेबलावर आपटायचो. पहिले काही दिवस डस्टर सारखा वाजला. तिसऱ्या आठवड्यात एकदाही वाजला नाही. मला फार अभिमान वाटला. एका माणसाची दहा वर्षांची सवय मी मोडली होती.

हसन पास झाला. गल्फमधल्या एका गोदीत, जहाजदुरुस्तीच्या कामावर लागला. जाण्याआधी नारळ घेऊन आला आणि पाया पडू लागला. मी एकोणीस वर्षांचा. मागे सरकलो.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी वर्ग चालू असताना एक म्हातारा जिना चढून आला. पायात चप्पल नव्हती. हातात लांब पाकीट.

"हसनचा बाप मी. हसन गेला, मास्तर. तार आली होती. तिकडंच पुरला त्याला. आता कंपनीचा हा कागद आलाय. तुमी त्याचे मास्तर, तुमीच वाचा."

मी वर्ग सोडला आणि त्यांना बाकावर बसवले. कागद टाइप केलेला होता. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. जहाजाच्या तेलाच्या टाकीत विषारी वायू साठतो. अर्धा तास पंखा चालवल्याशिवाय आत उतरायचे नाही, असे फोरमनने हसनला सांगितले होते. समजले का, असे दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा त्याने 'येस सर' असे स्पष्ट उत्तर दिले. फोरमन पाठमोरा होताच तो टाकीत उतरला. कंपनीकडून कोणतीही चूक झालेली नाही.

म्हाताऱ्याने कागदावर बोट ठेवले.

"हुकूम परत बोलला नाय?"

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"असा कसा होईल? परत वाचा."

मी परत वाचले.

"माझ्या होडीवर तर बोलायचा," ते म्हणाले. "एकदा पण चुकला नाय."