केरामत सानांची जीभ

खोलपेटुआ नदीचं पाणी शेतात कधी घ्यायचं हे आमच्याकडे पंचांग ठरवत नाही आणि सरकारही नाही. ते केरामत सानांची जीभ ठरवायची. श्रावणात पावसाचं पाणी वाहून आलं की समुद्राच्या भरतीनं नदीत आलेला खारेपणा उतरतो. केरामतचाचा बांधावर उकिडवे बसत, ओंजळभर पाणी तोंडात घोळवून थुंकत आणि सांगत, "अजून चार दिवस." की मग चार दिवस. ते "गोड" म्हणाले की बांधाचं दार उघडायचं. चाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. चाचांना त्याचा ताठा होता. का नसावा? मिरवायला त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

गेल्या वर्षापासून मात्र सुनेची कालवणं त्यांना अळणी लागू लागली. रोज मीठ मागायचे आणि वर टोमणा, "तुझ्या माहेरी मिठाला कुलूप असतं का गं?" शेवटी एकदा सून म्हणालीच, "अब्बा, या ताटात आता माशापेक्षा मीठ जास्त झालंय." त्या दिवशी चाचा काय ते समजले. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर ते काही बोलले नाहीत.

यंदा ऐन श्रावणात पाऊस दडी मारून बसला. भाताची लावणी झालेली, जमीन तडकायला आलेली. सगळ्यात घाई कनक मंडलला. विधवा बाई, तिची दीड बिघा जमीन बांधाच्या दाराला लागूनच.

"चाचा, लवकर काय ते सांगा. रोपं माना टाकतायत."

चाचांनी पाणी तोंडात घेतलं. खारट लागेना, गोडही लागेना. 'मला कळत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण वीस माणसं तोंडाकडे बघत होती.

"गोड आहे," ते म्हणाले.

दहा दिवसांत पाती टोकाकडून करपली. कनकनं एक रोप ओढलं, ते नुसतं हातात आलं. मुळं बोटाच्या पेराएवढी, तांबूस, पांढरा तंतू एक नाही. घोटाभर पाण्यात उभं राहून रोप तहानेनं मेलं होतं. खारं पाणी असंच करतं. मुळापाशी असतं, पण मुळाला ते ओढून घेता येत नाही.

चाचांवर कुणाचा संशय गेला नाही, आणि तेच त्यांना खात होतं. गावानं धरलं कनकच्या दिराला, निरापदला. त्याचं शेजारीच कोळंबीचं तळं. "याचंच खारं पाणी झिरपलं," असं ठरलं. शुक्रवारी नमाजानंतर गाव बसलं. तळ्याचा बांध फोडायचा की नाही ते ठरणार होतं, आणि झिरपलेलं पाणी चाखायला बोलावलं कुणाला, तर केरामत सानांनाच.

निरापदनं हात जोडले. "चाचा, तुमची जीभ खोटं बोलायची नाही. तुम्ही म्हणाल ते मला कबूल."

याच्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं, असं चाचांना झालं. त्यांनी चाखायला दिलेली पाण्याची वाटी खाली ठेवली.

"मला चव लागत नाही."

"निरापदनं काय खाऊ घातलं, चाचा?" कुणीतरी म्हणालं आणि मंडळी हसली.

"बांधाच्या दारातून घेतलेलं पाणीच खारं होतं. मला लागलं नाही. याचा काही दोष नाही."

आता कुणी हसलं नाही. मग एकेक जण सावरून घेऊ लागला. वय झालं. अल्लाची मर्जी. जिभेवर कुणाचा ताबा असतो? चाचा ऐकत राहिले. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते, तर त्या दयेवरच घरी पोचले असते.

कनक करपलेल्या रोपांची जुडी घेऊन बसली होती. तिनं हळूच विचारलं, "चाचा, त्या दिवशी ठाऊक होतं तुम्हाला? चव लागत नाही ते?"

"नव्हतं" म्हटलं असतं तर गावानं मान डोलावली असती. कनकनंही.

"होतं," चाचा म्हणाले.

कनक उठली. तीस वर्षं चाचा दिसले की तिचा पदर डोक्यावर जायचा. त्या दिवशी ती त्यांच्या समोरून गेली आणि पदर खांद्यावरच राहिला.