कारैकलचा मॅग्नेटो

कुंभकोणम्‌च्या बसथांब्यामागे मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो आणि मी, दोघेही मराठी घरचे, पण दुकानात तो दिवसभर तमिळच बोलायचा. त्याची मराठी ऐकायची तर संध्याकाळी, हात धुऊन तो आपल्या ओट्यावर बसला की. विलायती सुटा भाग घ्यायचा तर आधी मद्रास, कोलंबो आणि कारैकलला भाव विचारणारी कार्डं टाकायचा. तिन्ही उत्तरं येईपर्यंत भावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

माझ्या बसचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, जळाला, तेव्हा तिरुभुवनम्‌च्या एका वऱ्हाडाला बसने न्यायचा विडा, म्हणजे विसार, मी घेऊन बसलो होतो. मद्रासचा भाव ऐकून मला घाम फुटला. कारैकलला फ्रेंचांचं राज्य, तिथे तोच माल निम्म्यात. मीच बोलून गेलो, "भाताच्या पोत्यातून आणा. जकातनाक्यावर कोण बघतं?"

तो कान खाजवत राहिला. दुसऱ्या दिवशी खरंच खांद्यावर पोतं टाकून निघाला.

दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला. मुंडाशातून नाक्याची शिक्क्याची पावती काढून फळीवर पसरली आणि तिच्यावर मॅग्नेटो ठेवला.

"जकात दिल्ही. तरी मद्रासेहून स्वस्त."

"मग पोतं कशाला?"

"भुसा भराया. यास धक्का सोसत नाही."

भर दुकानात, तेलकट हातांनी, तो मराठीत बोलत होता. मी तिथल्याच टायरवर बसलो आणि म्हणालो, "भूक लागली हो."