मामूंचा उजवा पाय

मामू खुर्चीवर पूर्ण कधी बसायचे नाहीत. आधी डावीकडे सरकायचे, उजवीकडची अर्धी जागा मोकळी सोडायचे आणि मग तिरके होऊन स्टीअरिंग धरायचे. जाफराबादहून सुटणाऱ्या जीपमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर कारण सांगायला नको. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक प्रवासी असतोच, आणि मामूंनी अशी जीप वर्षानुवर्षं चालवलेली. पण ही खुर्ची माझ्या दुकानातली होती, समोर कॉम्प्युटरवरचा रेसिंग गेम होता आणि शेजारी बसायला कोणी नव्हतं.

दुकान माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं. हौसेपायी मी गेमचं एक जुनं स्टीअरिंग आणि पेडल आणून जोडली होती. बायकोच्या मते माझी अक्कल तेव्हाच चरायला गेली. एका दुपारी मामू उन्हातून टेकायला आले आणि पडद्यावरची लाल गाडी उलटलेली बघून थबकले.

"पलटी झाल्यावर काय करतेत?"

"बटन दाबायचं, मामू. गाडी सरळ."

"आन् आतले लोक?"

"आत कोणी नसतंच."

मामूंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मला शिकव बेटा. बराबर शिकव."

गावाला ठाऊक होतं, तेच मलाही ठाऊक होतं. केदारखेड्याच्या अलीकडे, वळणावरच्या मुरमात मामूंच्या जीपची मागची बाजू घसरली आणि जीप आडवी झाली. कोणी दगावलं नाही, पण एका ताईचा पाय मोडला आणि ती आजही लंगडते. तेव्हापासून मामूंनी गाडी सोडली. स्टँडवर ओरडून दुसऱ्यांच्या जीपा भरून देतात. आपल्या हातून ते वळण निघालं असतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी त्यांना ड्रिफ्ट शिकवायला घेतलं. म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची आणि घसरत घसरतच वळणातून काढायची. त्या लाल गाडीचं इंजिन सीटच्या मागे, आणि जोर मागच्या चाकांना. मागची बाजू सुटली की माणूस घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलतो, आणि तिथेच गाडी भिंगरीसारखी फिरते. स्टीअरिंग उलट्या बाजूला द्यायचं आणि पाय हलका करायचा, पण काढायचा नाही.

मामू दर वेळी पाय काढायचे. गाडी गर्रकन फिरायची आणि ते जीभ चावून इकडेतिकडे बघायचे. दाढी पिकलेला माणूस पोरांचा खेळ खेळतोय, हे कोणी बघू नये म्हणून दाराकडे पाठ करायचे. कोणी आलंच, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्याचं मशीन चेक करून राह्यलो."

शेवटी मीच वैतागलो. "मामू, मधोमध बसा ना! तिरका पाय पेडलवर राहील कसा?"

ते ओशाळून मधे सरकले. "आंग मोकळं मोकळं लागतंय रे," म्हणाले. आणि त्याच फेरीत गाडी घसरली, शेपूट बाहेर गेलं, मामूंचा पाय पेडलवर तसाच राहिला आणि लाल गाडी अख्खं वळण अलगद काढून सरळ झाली.

मी टाळ्या वाजवल्या. मामूंचा चेहरा मात्र पडला होता.

"म्हंजे निघालं असतं," ते म्हणाले. "त्या दिवशी उजवीकडं एक जादा घेतला व्हता मी. पायाला जागाच न्हवती. लालच, बेटा."

मी म्हटलं, जीपचं इंजिन पुढे, त्यात माणसं ठासून भरलेली, गेमचा आणि तिचा काय संबंध? ते ऐकतच नव्हते. नेमकी तेव्हा ती ताई आधारकार्डाची झेरॉक्स काढायला दारात आली. मामू ताडकन उठून तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"ताई, गाडी वाचली असती. माझीच चुकी व्हती."

ताई आधी गोंधळली. मग पडद्याकडे बघून मोकळं हसली. "जाऊ द्या ना मामू! आता काय, ह्या मशिनीत बटन दाबून माझा पाय सरळ करता का?"

तिच्यामागे दारात थांबलेली गिऱ्हाईकं हसली. तिच्या मनात काही नव्हतं, बिचारीने हसण्यावारी नेलं. मला मात्र मान वर करवेना, मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद घालत राहिलो. मामू चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मी स्टँडवर जाऊन विनवलं, म्हटलं, ताई तुमची चौकशी करते, तिचा राग नाही.

"तेच तं," मामू खाली बघत म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या, तं घरी जाऊन दोन घास खाल्ले असते. हसली ती, बेटा."

एवढ्यात एक जीप लागली. मामूंनी तोंड फिरवलं आणि ते ओरडू लागले, "चला भोकरदन, भोकरदन!" आवाज घोगरा निघत होता, आणि जीप भरल्यावरही त्यांचं ओरडणं थांबलं नव्हतं.