नत्थूजींच्या हातगाडीचा ब्रेक

दिनांक १२ ऑक्टोबर २०२४, रुपये ११,१६०. टाइल्सचे अठरा बॉक्स फुटले आणि ही रक्कम मी दुकानाच्या वहीत नत्थूजींच्या नावे टाकली, त्यांच्या हमालीतून कापायला. मालकांनी सांगितले म्हणून टाकली, पण अक्षर माझे आहे.

नत्थूजी मूळचे रामटेककडचे. एकतीस वर्षे सदर भागातल्या आमच्या दुकानाची हातगाडी ओढतात. गोदामासमोर उतार आहे. हातगाडीला ब्रेक नसतो, म्हणून माल भरताना पायाने अर्धी वीट चाकाखाली सरकवायची, ही हमालांची रीत.

त्या दिवशी दसरा होता. सकाळी गोदामासमोर सडा पडला, गाड्या धुऊन झेंडूचे हार घातले. पूजेच्या जागी बरे दिसत नाही म्हणून आमचे मालक सुमंतभाऊ यांनी विटा उचलून कचऱ्यात टाकायला लावल्या. ज्या गाडीला कुंकू लावले, तिला थोपवणारी एकुलती एक वस्तू पूजेसाठीच फेकून दिली. गिऱ्हाइकाला माल मुहूर्तावर हवा होता. नत्थूजी घाईत माल भरत होते; गाडी सरकू लागली तशी त्यांनी सवयीने पायाने वीट चाचपली, ती नव्हती. गाडी सुटली. आडवे जाऊन त्यांनी पाठ लावली. गाडी उलटली आणि त्यांची टाच चिरडली. औषधाचा खर्च त्यांचा त्यांनीच केला.

दीड महिन्याने ते लंगडत कामावर आले, ते गाडीला ब्रेक लावूनच. हँडलखाली एक दांडा, त्याला स्प्रिंग, टोकाला जुन्या टायरचा जाड तुकडा. दांडा मुठीत दाबून धरला तरच चाक फिरते. हात सुटला की तुकडा चाकावर घट्ट बसतो. गल्लीतल्या वेल्डरने साडेआठशेत करून दिला.

सुमंतभाऊ हसले. "हातगाडीले ब्रेक? उद्या हॉर्न लावशील, परवा एसी."

"एसी तुमच्या कारमंदी हाय न, भाऊ. मले ब्रेकच पुरे."

नत्थूजींनी भरलेली गाडी उतारावर नेली. खाली सुमंतभाऊंची नवी कार उभी होती.

"थांब गा, कार बाजूले घेऊ दे."

"काहून? ब्रेक हाय न," असे म्हणून त्यांनी दोन्ही हात सोडले.

गाडी जागची हलली नाही.

आठवड्याभरात उरलेल्या तिन्ही गाड्यांना दुकानाच्या खर्चाने ब्रेक लागले. मी सुमंतभाऊंना विचारले, "ब्रेक हवा होता हे तुम्हाला पटलं. मग ते अठरा बॉक्स नत्थूजींच्या माथी कसे?"

"तो हिशोब वेगळा आहे," ते म्हणाले.

चौतीस वर्षे मी जमाखर्च लिहितो. वीट मालकाने फेकायची आणि नुकसान हमालाने भरायचे, असा वेगळा हिशोब मला कोणत्याही कॉलेजात शिकवला नाही. मार्चअखेर मी उरलेली रक्कम दुकानाच्या मोडतोड खात्यात वळवली आणि खाली सही केली. सुमंतभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नत्थूजींच्या हमालीतून तोवर कापलेले पैसे परत द्यायला ते आजही तयार नाहीत. वर तोंड करून गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्याकडच्या हातगाड्यांनासुद्धा ब्रेक आहेत.

वेल्डरचे अडीचशे रुपये नत्थूजी अजून देणे लागतात.