बंबावरची टकटक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

ताडकळसच्या आमच्या घरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. तो आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. स्वयंपाकघर त्यांनी हसत माझ्या हाती दिलं, बंब दिला नाही. शनिवारी मधल्या नळकांड्यातली राख काढायची, मग चिंच-मीठ लावून असा घासायचा, की शेजारीण म्हणायची, "आत्याबाई, बाशिंग बांधायलाव काय ह्याला?" रोज पेटवण्याआधी त्या बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. भरलेला बंब बद्द वाजतो, रिकामा ठणठणतो. मगच काडी ओढायची आणि देवळात जायचं.

पुढं त्या विसरायला लागल्या. चहात दोनदा साखर. नवरा म्हणे, आईला आता विस्तवापाशी नको. मीच म्हणायची, राहू द्या हो, तेवढाच त्यांचा जीव रमतो. बघा, केवढी गुणाची सून!

आणि ती सकाळ. मला मानवतला लग्नाला जायचं होतं. आत्याबाई बंब न पेटवताच देवळात गेलेल्या. चिडून मीच पेटवला. टकटक — कुठली? आत पाणी आहे का, तेही पाहिलं नाही. थोड्या वेळानं सांधा वितळला आणि तोटी खळ्ळकन फरशीवर पडली.

नवरा धावत आला. तेवढ्यात त्या दारातून आत येत होत्या.

"आई, पाणी न टाकताच पेटवलास व्हय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — त्या आठवत होत्या. एक शब्द पुरला असता ना? मी तोटी उचलायला खाली वाकले.

"आसंल बाबा," त्या म्हणाल्या. "मीच इसरले आसंल."

बंब परभणीला नेऊन तोटी सांधून आणली. पण घरात गिझर आला आणि काडेपेटी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. ठेवली मीच. शनिवारी त्या गार बंबच घासायच्या. टकटक करून कान लावायच्या आणि मला हाक मारायच्या, "भरलाय का गं? माझा मला भरवसा न्हाई. तू सांगतीस तेच खरं."

मी सांगायची. भरलाय. तुम्ही जेवलात. आज शनिवारच आहे. लहान मुलासारखं त्या सगळं मानायच्या, माझा हात कुरवाळायच्या. माझा फार जीव होता त्यांच्यावर — तेव्हाही होता.

त्या सकाळचं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर सांगितलं असतं का मी?

नसतं सांगितलं.