बुवांचा वरचा सा

वसंतदादाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एका गायिकेच्या गळ्याला पट्टा बांधत होते. "ताई, बुवा गेले," एवढंच तो म्हणाला. पट्टा माझ्या हातातच राहिला... आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो असा, की जाताना त्यांचा माझ्यावरचा संशय तरी फिटला असेल का?

बुवा वळ गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. तरुणपणी भिवंडीत कापडाचा लूम चालवत त्यांनी ड्युटी सांभाळून शास्त्रीय गाणं शिकून घेतलं. आम्ही पडघ्याकडचे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. माझी बारावी झाली आणि वडिलांनी स्थळं बघायला घेतली. भजनाला आलेल्या बुवांनी त्यांना अंगणातच गाठलं. "लगीन काय पलून चाललाय? शिकव पोरीला!" त्या एका वाक्यामुळे मी पदवीधर झाले. पुढे मला गाणं शिकलेल्या गायकांचे स्वरतंतू गाताना कसे मिटतात, कसे उघडतात, हे मोजण्याचं काम मिळालं, तेव्हा पहिलं नाव बुवांचंच सुचलं. त्यांचा वरचा सा पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. सगळं मंडळ थांबायचं आणि तो एकटा स्वर वर जायचा.

दोन वर्षांपूर्वी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. पट्ट्याला जोडलेल्या, गळ्याच्या दोन्ही बाजूंना लावायच्या चकत्या त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या.

"यात करंट हाय?"

"अगदी थोडा, बुवा. जाणवतसुद्धा नाही."

"लूमवर बी असंच सांगत व्हते."

शेवटी तयार झाले, पण अट घातली, वसंता मागे बसणार. वसंतदादा म्हणजे त्यांचा पन्नाशीचा शिष्य, मंडळातला टाळकरी. मला ती अट खटकली, पण म्हटलं, सवय असेल. खालचे स्वर पडद्यावर सुरेख उमटले. मग वरचा सा आला. समोर ठेवलेल्या माइकची रेघ उंच उठली, गळ्याची मात्र सपाट, म्हणजे स्वरतंतू हलतच नव्हते. मी यंत्रावर संशय घेतला. चकत्या पुसून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पडद्याकडे न बघता समोर बघितलं. बुवांचे डोळे मिटलेले, हात वर, तोंड उघडं... आणि त्यांच्या खांद्यामागे वसंतदादाच्या मानेची शीर ताणलेली.

"काय बोलतंय तुजं यंत्र?"

"पट्टा सरकतोय, बुवा."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "पट्टा तर घट्ट हाय."

ती नोंद मी अभ्यासातून वगळली, कुणाला दाखवली नाही. पण तेव्हापासून ते बदलले. मंडळातलं कुणी जरा तुटक वागलं की मला फोन यायचा, "तू काय बोललीस काय?" मीही मनातून कडवट झाले होते. स्वर उसना, तर माझ्या वडिलांना सांगितलेलं ते वाक्य तरी त्यांचं स्वतःचं होतं का... इथपर्यंत मन गेलं.

शेवटचं भेटले तेव्हा ते अंथरुणावर होते. वसंतदादाला त्यांनी बाहेर पाठवलं. आवाज पार बसला होता.

"सांगितलं न्हायस ना कोनाला?"

"नाही, बुवा."

"मग मी गेल्यावर सांग. दहा वरसं तो सूर वसंताचा हाय. त्याचं तोंडी कोन खरं मानल? तुज्याकडं मशिनीचा पुरावा हाय."

मी हो म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत निरोप होता की परीक्षा, हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित मी किती पटकन हो म्हणते, एवढंच त्यांना बघायचं असेल.

तेराव्याला मंडळ बसलं. वसंतदादाला मी आधीच विचारलं होतं, तू स्वतः का सांगत नाहीस? तो म्हणाला, "लोक म्हनतील, बुवा गेला आन् याला कंठ फुटला. तूच लिव, ताई." पुढे पेटीजवळ बुवांची बैठक रिकामी ठेवली होती. तो मागे, आपल्या नेहमीच्या जागी बसला. वरच्या साची जागा आली, मंडळ थांबलं आणि तो स्वर तसाच वर गेला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत पुटपुटली, "वसंतानं नक्कल बाकी हुबेहूब उचलली हो!"

सगळे त्या रिकाम्या बैठकीकडे बघत होते. मी मागे वळून वसंतदादाकडे बघितलं.